अथेन्सचा स्मृतिकार सोलन

दोन पक्षांचें भांडण विकोपास गेलें असतां त्यांपैकीं एकास जाऊन मिळणें सोपें असतें. घराचें दार लावून स्वस्थ बसणें तर त्याहूनहि सोपें. परंतु दोहोंच्या मध्यें उभें राहून, प्रत्येकाची न्याय्य मागणी तेवढी मान्य करून, अन्याय्य मागणीस ठाम नकार देणें हें फार थोड्यांस साधतें. आणि असें करणाऱ्याच्या वांट्यास बहुधा दोघांचाहि रोष येतो. सुमारें २६०० वर्षांपूर्वीं ग्रीस देशांतील अथेन्स नगरींत असा एक पुरुष होऊन गेला. त्याचें नांव सोलन. राज्यकारभारांत मर्यादा व समतोलपणा हे श्रेष्ठ गुण होत, हा जो विचार ग्रीक तत्त्ववेत्त्यांनीं पुढें शास्त्ररूपास आणिला, तो सोलनच्या चरित्रांत आधींच मूर्तिमंत झालेला दिसतो. हें चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद व वडील मंडळींसहि मनन करण्यासारखें असल्यामुळें तें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

सोलनविषयीं माहिती मिळण्याचीं साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिलें साधन म्हणजे त्याच्या स्वतःच्या कवितांचे उरलेले तुकडे. दुसरें म्हणजे त्याच्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं झालेल्या हिरोडोटस या इतिहासकाराचा ग्रंथ, आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेंत लिहिला गेलेला अथेन्सच्या राज्यघटनेचा इतिहास. तिसरें म्हणजे इसवी सनाच्या आरंभानंतर सुमारें शंभर वर्षांनीं प्लुटार्कनें रचिलेलें चरित्र. यांपैकीं राज्यघटनेचा इतिहास कित्येक शतकें लुप्त झाला होता. इजिप्तमध्यें सांपडलेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर, शेतीच्या एका जमाखर्चाच्या पाठीमागील बाजूस उतरून घेतलेला हा ग्रंथ लंडन येथें १८९१ सालीं छापून प्रसिद्ध झाला. पुढील वृत्तान्त या साधनांच्या आधारें दिला असून, जेथें दंतकथेचा अंश आहे तेथें तसें सांगितलें आहे.

सोलनचा जन्म इ. स. पू. ६३० च्या सुमारास अथेन्समधील एका प्रतिष्ठित घराण्यांत झाला. अथेन्सचा पुराणप्रसिद्ध राजा कॉड्रस याच्यापासून आपला वंश चालत आला असें हें घराणें मानीत असे. परंतु कूळ थोर असलें तरी संपत्ति बेताचीच होती. वडिलांनीं परोपकारांत पुष्कळसें द्रव्य खर्चून टाकिलें होतें, असें प्लुटार्क सांगतो. ज्या घरानें आजवर दुसऱ्यांस दिलें, त्या घरांतील मुलानें आतां दुसऱ्यांपुढें हात पसरावा हें सोलनला रुचेना. म्हणून त्यानें तारुण्यांतच व्यापाराचा मार्ग धरिला व गलबतांतून परमुलखीं प्रवास केला. या प्रवासाचा त्याला दुहेरी लाभ झाला. पोटापुरतें धन तर मिळालेंच; शिवाय निरनिराळ्या नगरांतील कायदे, चालीरीति व लोकांचीं सुखदुःखें त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं. कुळानें तो सरदारांत मोडे, आणि मिळकतीनें मध्यम स्थितींतील लोकांत. पुढील आयुष्यांत दोन्ही पक्षांस त्याचा भरंवसा वाटला, त्याचें एक कारण हेंच होतें. तो खाऊनपिऊन सुखी आहे म्हणून श्रीमंत त्यास आपला समजत, आणि तो प्रामाणिक आहे म्हणून गरीब त्यास आपला समजत.

सोलन कवीहि होता. ज्याची कविता आज कांहीं अंशीं तरी उपलब्ध आहे, असा अथेन्सचा तो पहिलाच कवि होय. त्याच्या काळीं गद्य लिहिण्याचा प्रघात पडला नव्हता. म्हणून राजकारणावरील आपले विचारहि त्यानें पद्यांतच मांडिले. त्याच्या कवित्वशक्तीचा देशास प्रथम उपयोग झाला तो सॅलॅमिस बेटाच्या प्रकरणांत. हें बेट अथेन्सच्या अगदीं दारांत आहे. परंतु शेजारच्या मेगारा राज्याशीं त्यासाठीं दीर्घकाळ युद्ध होऊन अथेन्सचे लोक इतके कंटाळून गेले कीं, त्या बेटाचें नांव काढील त्यास देहान्त शिक्षा, असा कायदा त्यांनीं केला. सोलनला ही गोष्ट लाजिरवाणी वाटली. प्लुटार्कनें दिलेली हकीकत अशी कीं, सोलननें वेडाचें सोंग घेतलें आणि डोक्यावर टोपी घालून तो भर चौकांत आला. लोक जमल्यावर त्यानें सॅलॅमिसवरील आपली १०० ओळींची कविता खड्या सुरांत म्हटली. ती ऐकून श्रोत्यांचा स्वाभिमान जागा झाला. तो कायदा रद्द झाला. पुन्हां मोहीम निघाली व अखेर बेट अथेन्सच्या ताब्यांत आलें. मध्यममार्गी मनुष्य म्हणजे भित्रा मनुष्य, असा कोणाचा समज असेल तर त्यानें सोलनच्या सार्वजनिक आयुष्याचा हा आरंभ ध्यानांत ठेवावा.

बाहेरचा शत्रु हटला तरी घरांतील स्थिति फार शोचनीय झाली होती. अथेन्सच्या भोंवतालच्या ॲटिका प्रांतांतील चांगली जमीन थोड्या सरदार घराण्यांच्या हातीं होती. राज्याचे अधिकारी त्यांतलेच व न्यायाधीशहि त्यांतलेच. कित्येक गरीब शेतकऱ्यांस पिकाचा सहावा हिस्सा धन्याच्या घरीं नेऊन घालावा लागे, आणि त्या बंधनाच्या खुणेचे दगड शेतांत रोंवलेले असत. कर्ज काढतांना शेतकरी स्वतःचा देहच तारण ठेवी. एखाद्या वर्षीं पीक बुडालें कीं सावकार त्याला व त्याच्या मुलाबाळांना गुलाम करून विकूं शके. अशा रीतीनें परदेशीं विकलीं गेलेलीं कित्येक माणसें आपली मातृभाषाहि विसरून गेलीं होतीं. इ. स. पू. ६२१ च्या सुमारास ड्रेको नांवाच्या गृहस्थानें अथेन्सचे कायदे प्रथम लिहून काढिले होते. कायदा लेखी झाला हें ठीकच झालें. पण त्यांतील शिक्षा इतक्या कडक होत्या कीं, फळफळावळीच्या चोरीसहि देहान्त शिक्षा सांगितली होती. शेजारच्या मेगारा व कॉरिंथ या नगरांत अशाच असंतोषाचा फायदा घेऊन एकेका महत्त्वाकांक्षी पुरुषानें सर्व सत्ता बळकाविली होती. अशा सत्ताधीशास ग्रीक लोक टायरंट म्हणत. अथेन्समध्यें आतां यादवी युद्ध होणार किंवा कोणी टायरंट उभा राहणार, अशीं चिन्हें दिसूं लागलीं.

अशा आणीबाणीच्या वेळीं, इ. स. पू. ५९४ सालीं, दोन्ही पक्षांनीं एकमतानें सोलनची आर्कन म्हणजे मुख्य अधिकारी या पदावर नेमणूक केली, आणि तंटा मिटवून नवे कायदे करण्याचा पूर्ण अधिकार त्यास दिला. श्रीमंतांची अपेक्षा अशी कीं, हा आपल्याच जातकुळीचा मनुष्य थोडीबहुत मलमपट्टी करून आपलें वित्त व सत्ता जशीच्या तशी राखील. गरिबांची अपेक्षा अशी कीं, हा सर्व कर्ज बुडवील आणि सरदारांच्या जमिनी काढून घेऊन त्या सर्वांस सारख्या वांटून देईल. एकाच मनुष्याकडून दोन परस्परविरुद्ध आशा बाळगणारे लोक त्याच्याभोंवतीं जमले होते. दोघांचीहि पूर्ण निराशा केल्यावांचून नगरी वांचणार नाहीं, हें सोलननें ओळखिलें.

त्यानें पहिला घाव घातला तो कर्जाच्या गुलामगिरीवर. माणसाचा देह तारण ठेवून कर्ज देणें घेणें त्यानें कायमचें बंद केलें. जुनीं कर्जें रद्द केलीं; शेतांतील ते दगड उपटून टाकिले; कर्जापायीं गुलाम झालेल्यांस मोकळें केलें, आणि परदेशीं विकलेल्यांपैकीं पुष्कळांस परत आणिलें. या कृत्यास अथेन्सच्या लोकांनीं सैसाख्थिया असें नांव दिलें. ओझें झटकून टाकणें, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. परंतु येथेंच तो थांबला. सरदारांच्या जमिनी हिसकावून घेऊन त्यांची सरसकट वांटणी करण्यास त्यानें साफ नकार दिला. माणसाची विक्री हा अन्याय होता, तो त्यानें समूळ नाहींसा केला. पण एक अन्याय दूर करण्यासाठीं दुसऱ्याचें सर्वस्व लुटावें, हें त्याच्या न्यायबुद्धीस पटलें नाहीं. अर्धाअर्धा वांटा देऊन दोघांसहि कसेंबसें गप्प करणारा हा मध्यममार्ग नव्हता. न्यायाची रेघ जेथें पडते तेथपर्यंत धैर्यानें जावयाचें, आणि कितीहि जयघोष झाला तरी तिच्यापुढें पाऊल टाकावयाचें नाहीं, अशी ही मर्यादा होती.

या प्रसंगीं त्याच्या नांवास एक बट्टा लागण्याची वेळ आली होती. कर्जें रद्द होणार पण जमिनींस हात लागणार नाहीं, हा बेत त्यानें कांहीं विश्वासू मित्रांस आधीं सांगितला होता. त्या मित्रांनीं लगोलग मोठमोठ्या रकमा कर्जाऊ काढून जमिनी खरेदी केल्या. पुढें कायदा जाहीर होतांच जमिनी त्यांच्याकडे राहिल्या व कर्ज मात्र बुडालें. या लबाडींत सोलनचेंहि अंग असावें, असा बोभाटा झाला. परंतु सोलन स्वतःच दुसऱ्यांचा धनको होता, आणि नव्या कायद्याप्रमाणें आपलें येणें सर्वांच्या आधीं त्यानेंच सोडून दिलें होतें. तें येणें ५ टॅलंट, म्हणजे सुमारें १३० किलो चांदीच्या किंमतीचें होतें, असें प्लुटार्क लिहितो. त्यामुळें त्याच्यावरील किटाळ दूर झालें. तथापि ज्याच्या हातीं सार्वजनिक काम आहे, त्यानें स्नेह्यासोबत्यांशीं बोलतांनाहि किती जपलें पाहिजे, हा धडा या गोष्टींत आहे.

यानंतर त्यानें राज्यघटनेकडे लक्ष वळविलें. पूर्वीं अधिकार मिळे तो जन्मावरून. सोलननें तो शेतीच्या उत्पन्नावर ठरविला. त्यासाठीं नागरिकांचे चार वर्ग मानिले. धान्य मोजण्याचें त्यांचें माप मेडिम्नॉस हें सुमारें ५२ लिटरांचें होतें. वर्षास ५०० मापें उत्पन्न असेल तो पहिल्या वर्गांत. ३०० असेल तो घोडेस्वारांच्या दुसऱ्या वर्गांत. २०० असेल तो बैलजोडी बाळगणाऱ्यांच्या तिसऱ्या वर्गांत. आणि बाकीचे सर्व मोलमजुरी करणारे चवथ्या वर्गांत. मोठीं पदें वरच्या वर्गांसाठींच राहिलीं. परंतु मजुरासहि लोकसभेंत बसण्याचा व न्यायसभेंत न्याय देण्याचा हक्क मिळाला. अधिकाऱ्यानें दिलेल्या निकालाविरुद्ध या न्यायसभेकडे दाद मागतां येऊं लागली. एखाद्या दुबळ्यावर अन्याय झाला तर त्याच्या वतीनें कोणाहि नागरिकानें फिर्याद करावी, अशीहि मोकळीक त्यानें दिली. कारण एकाचें दुःख तें सर्वांचें दुःख, असें लोकांस वाटल्याखेरीज राज्य सुखी होत नाहीं, अशी त्याची समजूत होती. अनुभवी माजी अधिकाऱ्यांची अरिओपॅगस नांवाची जुनी सभा त्यानें मोडली नाहीं. तिच्या जोडीस ४०० सभासदांची एक नवी सभा स्थापिली. वादळांत गलबत हेलकावूं नये म्हणून दोन नांगर टाकावे, तसा या दोन सभांचा उपयोग होता.

सोलनचे कायदे केवळ राजकारणापुरते नव्हते. ड्रेकोचे कडक कायदे त्यानें रद्द केले. मनुष्यवधाविषयींचे तेवढे कायम ठेविले. ॲटिका प्रांताची जमीन हलकी, तेथें धान्य थोडें पिके. म्हणून अन्न देशाबाहेर जाऊं नये, फक्त ऑलिव्हचें तेल तेवढें परदेशीं विकावें, असें त्यानें ठरविलें. पाण्याचा कायदा तर वाचण्यासारखा आहे. ठराविक अंतराच्या आंत सार्वजनिक विहीर असेल तर तिचें पाणी सर्वांनीं वापरावें. त्याहून लांब राहणाऱ्यानें आपली विहीर खणावी. परंतु १० पुरुष खोल खणूनहि पाणी लागलें नाहीं, तर शेजाऱ्यानें त्यास आपल्या विहिरीवरून रोज दोन वेळां एकेक घागर भरून घेऊं द्यावी. गरजूस मदत मिळावी, पण आळशास फुकट पोसूं नये, असा दोन्ही बाजूंचा विचार त्यांत आहे. मृतांची निंदा करूं नये व प्रेतयात्रेंत अतोनात खर्च करूं नये, असेहि त्याचे नियम होते. आईबापांनीं मात्र एका कायद्याकडे विशेष लक्ष द्यावें. म्हाताऱ्या बापाचें पालनपोषण करणें हें मुलाचें कर्तव्यच होय. परंतु ज्या बापानें मुलास कांहींहि हुन्नर शिकविला नाहीं, त्याला पोसण्याची सक्ति मुलावर नाहीं, असें सोलननें लिहून ठेविलें. कर्तव्य हें एकेरी नसून दुहेरी असतें, हेंच तत्त्व त्यानें घरासहि लावलें.

परंतु त्याच्या सर्व कायद्यांत विलक्षण कायदा पुढील होय. नगरींत दोन तट पडून दंगल माजली असतां जो नागरिक कोणत्याच बाजूस उभा राहणार नाहीं, त्याचे नागरिकत्वाचे हक्क जावे, असा नियम सोलननें केला असें ॲरिस्टॉटलच्या परंपरेंतील तो ग्रंथ सांगतो. कांहीं अर्वाचीन पंडित याविषयीं शंका घेतात. पण प्राचीन लोकांस हा कायदा सोलनचाच वाटे, व त्याबद्दल त्यांस नवलहि वाटे. जो स्वतः दोन्ही पक्षांपासून अलग राहिला, त्यानें अलग राहणाऱ्यास शिक्षा कां सांगावी? विचार केला असतां यांत विसंगति नाहीं. आपला जीव व आपली तिजोरी सुरक्षित ठेवून, जो जिंकेल त्याचा जयजयकार करावयाचा, या वृत्तीस सोलन मध्यममार्ग मानीत नसे. शहाणे व शांत लोक घरांत बसले म्हणजे मैदान माथेफिरूंस मोकळें सांपडतें. तेच लोक बाहेर पडून आपापल्या पक्षांत शिरले तर पक्षांचाच तोल सांवरण्याचा संभव असतो. समतोलपणा हा घरांत बसून राखतां येत नाहीं. तो चव्हाट्यावर उभें राहूनच राखावा लागतो.

कायदे तयार झाले. ते लांकडावर कोरून फिरत्या चौकटींत बसविले व सर्वांस दिसतील असे ठेविले. त्या लांकडांचे कांहीं अवशेष पुढें सहाशेंहून अधिक वर्षांनीं, प्लुटार्कच्या काळींहि, अथेन्समध्यें पाहावयास मिळत असत. परंतु लोकांची तृप्ति झाली नाहीं. श्रीमंत कर्जें बुडाल्याबद्दल रागावले. गरीब जमिनी मिळाल्या नाहींत म्हणून रुसले. काल ज्याची स्तुति चालली होती त्याच्याकडे आज लोक वांकड्या नजरेनें पाहूं लागले. या वेळीं सोलनच्या आयुष्यांतील खरी कसोटी आली. गरिबांचा पक्ष हाताशीं धरून त्यानें सर्व सत्ता बळकाविली असती, तर त्यास अडविणारें कोणी नव्हतें. ही संधि साधावी म्हणून मित्रांनीं त्याला परोपरीनें आग्रह केला. जाळ्यांत आलेला मासा सोडून देणारा वेडा म्हणून लोकांनीं त्याची थट्टाहि केली. सोलन बधला नाहीं. लोकांस मर्यादा शिकविणाऱ्यानें स्वतः अमर्याद सत्ता घेतली, तर त्याच्या कायद्यांस अर्थच राहिला नसता. आपण टायरंट झालों नाहीं याची त्यास कधींहि खंत वाटली नाहीं, हें त्याच्या कवितांवरून दिसतें.

रोज कोणी ना कोणी येऊन अमुक कलम बदला, तमुक कलमाचा अर्थ सांगा, असा तगादा लावूं लागला. तेव्हां सोलननें निराळीच तोड काढिली. आपल्या संमतीवांचून कायदे बदलणार नाहीं अशी शपथ लोकांकडून घेऊन तो १० वर्षांसाठीं देश सोडून निघून गेला. कायदा करणारा समोर नसला म्हणजे लोकांस कायद्यावरच चालावें लागेल, हा त्याचा हेतु. इजिप्त व सायप्रस येथें तो गेला. लिडियाचा महाधनाढ्य राजा क्रीसस याच्या सार्डिस या राजधानींतहि तो गेला होता, अशी कथा हिरोडोटसनें दिली आहे. दोघांच्या काळाचा मेळ नीट बसत नसल्यामुळें पुष्कळ पंडित ती दंतकथा मानितात. पण ग्रीक लोकांस ती इतकी प्रिय होती कीं ती गाळणें बरें नव्हे. क्रीससनें आपला खजिना दाखवून सोलनला विचारिलें कीं, जगांत सर्वांत सुखी मनुष्य कोण. सोलननें राजाचें नांव न घेतां टेलस नांवाच्या एका साध्या अथेनियन गृहस्थाचें नांव सांगितलें. त्याचीं मुलें सद्गुणी निघालीं, त्यानें नातवंडें पाहिलीं, आणि अखेर देशासाठीं लढतांना त्यास वीरमरण आलें. मनुष्याच्या आयुष्याचा शेवट पाहिल्याखेरीज त्यास सुखी म्हणूं नये, असें त्यानें राजास समजाविलें. राजास तें आवडलें नाहीं. पुढें इ. स. पू. ५४६ च्या सुमारास इराणच्या सायरस राजानें सार्डिस जिंकलें. पराभूत होऊन चितेवर उभा असतां क्रीससला सोलनचे शब्द आठवले, असा त्या कथेचा शेवट आहे.

सोलन परत आला तो वृद्ध होऊन. नगरींत पुन्हां तट पडले होते. मैदानांतील जमीनदारांचा एक, समुद्रकांठच्या लोकांचा दुसरा व डोंगराळ भागांतील गरिबांचा तिसरा. या तिसऱ्या पक्षाचा पुढारी पिसिस्ट्रेटस हा सोलनच्याच नात्यांतला, गोड बोलणारा व शूर होता. इ. स. पू. ५६१ च्या सुमारास एके दिवशीं त्यानें स्वतःच्या अंगावर जखमा करून घेतल्या, आणि शत्रूंनीं आपणांस मारण्याचा यत्न केला असें सांगत रक्तबंबाळ स्थितींत तो चौकांत आला. लोकसभेनें त्यास शरीररक्षक देण्याचें ठरविलें. म्हाताऱ्या सोलननें भर सभेंत उठून या ठरावास विरोध केला; हे रक्षक उद्यां तुमच्याच मानेवर बसतील, असा त्याच्या सांगण्याचा भाव होता. गरिबांनीं ऐकिलें नाहीं आणि श्रीमंत भयानें मूग गिळून बसले. थोड्याच दिवसांत त्या रक्षकांच्या बळावर पिसिस्ट्रेटसनें किल्ला घेतला. तेव्हां सोलननें आपलीं शस्त्रें घराबाहेर दाराशीं आणून ठेविलीं. देशासाठीं व कायद्यांसाठीं आपणांस जें करतां येण्यासारखें होतें तें आपण केलें, हें सांगण्याची ती त्याची रीत होती. मित्रांनीं पळून जाण्याचा सल्ला दिला. पण तो नगर सोडून गेला नाहीं. पिसिस्ट्रेटसनें मात्र त्याचा मान राखिला आणि त्याचे बहुतेक कायदेहि चालू ठेविले. यानंतर लवकरच, इ. स. पू. ५६० च्या सुमारास, सोलन मरण पावला.

सोलनचें कार्य व्यर्थ गेलें काय? त्याच्या डोळ्यांदेखत तरी तसेंच वाटावें अशी स्थिति होती. परंतु पिसिस्ट्रेटसच्या घराण्याची सत्ता इ. स. पू. ५१० सालीं संपली, आणि इ. स. पू. ५०८ च्या सुमारास क्लाइस्थेनीसनें अथेन्समध्यें लोकसत्तेची जी इमारत उभारली तिचा पाया सोलननें घातलेलाच होता. कर्जासाठीं नागरिकास गुलाम करण्याची चाल तेथें पुन्हां सुरू झाली नाहीं. सुमारें अडीचशें वर्षांनीं ॲरिस्टॉटलनें राज्यशास्त्रावर ग्रंथ लिहिला, तेव्हां ज्या राज्यांत अति श्रीमंत व अति दरिद्री यांच्यामध्यें मध्यम स्थितीचे लोक पुष्कळ असतात तेंच राज्य टिकाऊ होतें, असा सिद्धान्त त्यानें मांडिला. आणि उत्तम स्मृतिकार मध्यम स्थितींतील लोकांतूनच निपजले, याचें उदाहरण म्हणून सोलनचें नांव घेतलें. ग्रीसच्या सात शहाण्या पुरुषांत सोलनची गणना होते, आणि डेल्फी येथील अपोलोच्या देवळावर कोरलेला अतिरेक टाळण्याचा उपदेशहि कित्येक प्राचीन लेखक त्याच्याच नांवावर घालीत. आपल्याकडे अति तेथें माती म्हणतात, त्याच अर्थाचा तो उपदेश आहे.

सोलनच्या राज्यघटनेंत उणीवा नव्हत्या असें मात्र कोणी समजूं नये. स्त्रियांस त्या राज्यांत मत नव्हतें. परदेशांतून विकत आणिलेल्या गुलामांची गुलामगिरी तशीच राहिली. कर्जदार नागरिकाच्या पायांतील बेडी तुटली, ती दुसऱ्या कित्येकांच्या पायांत तशीच होती. मोठ्या माणसाचें चरित्र वाचतांना त्याच्या काळाची मर्यादाहि पाहिली पाहिजे. न्यायाची रेघ कोठें पडते हें प्रत्येक पिढीस नव्यानें शोधावें लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गांत, खेळाच्या मैदानावर आणि पुढें मोठेपणीं सभांत व संस्थांत दोन तट पडल्याचे प्रसंग तुम्हांस पुष्कळ पाहावयास मिळतील. त्या वेळीं एका बाजूनें गर्दींत सामील होण्याचा मोह होईल व दुसऱ्या बाजूनें घरांत दडून बसण्याचा. सोलननें दोन्ही मोह टाळिले. त्यानें पक्षांची भीड धरिली नाहीं, न्यायाची धरिली. सत्ता हातीं आली तेव्हां ती सोडून दिली, आणि सत्ता गेल्यावरहि सत्य बोलणें सोडिलें नाहीं. मवाळपणा आणि मर्यादशीलता या दोन वस्तु भिन्न आहेत. पहिली भीतींतून उपजूं शकते. दुसरीस मात्र धैर्य लागतें, आणि तेंहि एका दिवसाचें नव्हे, तर जन्मभराचें. दाराशीं शस्त्रें आणून ठेवणाऱ्या त्या सत्तर वर्षांच्या वृद्धाजवळ तें अखेरपर्यंत होतें.